तहकूब सभा

चार वाजता एकवीस जण हवे होते. आलो सहा.
खैरनार सरांनी घड्याळ पाहिलं, घसा साफ केला
आणि नियम वाचला, दर वर्षी वाचतात तसा:
गणपूर्तीअभावी सभा तहकूब.
अर्ध्या तासाने, याच जागी, हीच सभा पुन्हा भरेल
आणि तेव्हा गणपूर्तीची अट राहणार नाही.

कॅनडा कॉर्नरजवळचा हा हॉल तासावर मिळतो,
म्हणजे थांबण्यालाही भाडं आहे.
खजिनदार बोरस्तेबाईंनी ते लिहून ठेवलं.

त्रेसष्ट सभासद आहोत आम्ही.
तिसरी फेरी चालू आहे; कुणी सातपूरला, कुणी ओझरला
कुणाच्या तरी वडिलांना शाखा आणि कॉलेज यांतला फरक सांगत असेल.
आणि काही जण
विषय क्रमांक सात वाचून आले नाहीत.

विषय क्रमांक सात माझ्या हातचा.
तीन ओळी, अकरा वेळा खोडलेल्या:
कोणत्या महाविद्यालयाकडून काय घेतलं
ते सभासदाने वर्षअखेर नोंदवहीत
स्वतःच्या अक्षरात लिहावं.
आधी मी 'घेऊ नये' असं लिहिलं होतं.
गांगुर्डे म्हणाले, बाई, त्याला सगळेच हात वर करतील.
पण खाली आलेला हात कुठल्या खिशात जातो, ते कोण बघणार?

गोदावरीला पूर आला की आपण दुतोंड्या मारुतीकडे बघतो.
गुडघा, कंबर, छाती.
दोन तोंडं असून तो एक शब्द बोलत नाही,
पण पाणी कुठवर आलं ते लपवतही नाही.
संघाला असा एक दगड असावा, एवढंच माझं म्हणणं.

चार सतराला दारात एक मुलगी आणि तिची आई.
बॅनर वाचून वर आल्या होत्या, सुरगाण्याहून, सकाळच्या एसटीने.
"इथं प्रवेश मिळतो का?"
नाही, म्हणालो आम्ही, सहा जण सहा सुरांत,
आणि खुर्च्या ओढल्या.

जमुना गावित. पसंतीक्रम बदलायची मुदत आज पाचपर्यंत.
पहिल्या नंबरवर असं कॉलेज
जे कुणाचीच पहिली पसंती नसतं.
"कुणी भरला फॉर्म?" नसीम कोकणींनी विचारलं.
"सरांनी. पासवर्ड त्यांच्याकडंच आहे."
ओटीपीही त्यांच्याच मोबाईलवर जायचा.
मुलीने पाकिटातून कार्ड काढलं.
वरच्या कोपऱ्यात आमच्या संघाचं बोधचिन्ह,
खाली सभासद क्रमांक एक्केचाळीस.

कुणी कुणाकडे पाहिलं नाही.
खैरनार सरांनी फोन लावला, स्पीकरवर ठेवला.
"सभेला आला नाहीत. बरं. आकडे सांगा."
पलीकडे बराच वेळ रस्त्याचे हॉर्न.
मग सहा आकडे आले, हळूहळू,
उसने पैसे परत करताना मोजतात तसे.

त्यानंतर आम्ही यथेच्छ भांडलो.
सहा समुपदेशक, चार मतं,
आणि शेवटी मुलीने स्वतःच ठरवलं:
नाशिकच, घरी शनिवारी जाता येतं.

सभा पुन्हा भरली तेव्हा चार एक्कावन्न झाले होते.
ठराव संमत. सूचक कोकणी, अनुमोदक गांगुर्डे.
विरोध नाही. खैरनार सर तटस्थ; कारण विचारलं नाही.
बोरस्तेबाई हळूच म्हणाल्या, वेळ साडेचार लिहा,
नाहीतर उद्या कुणी ठराव पाडेल.

माझं पेन कागदावर टेकलेलं, शाई पसरत होती.
नव्या नोंदवहीतलं पहिलं पान मी घरूनच भरून आणलं होतं:
दोन हजार बारा, एक मिक्सर. अजून चालतो.

मी चार एक्कावन्न लिहिलं.
पाडू दे, म्हटलं. हरकत घ्यायला तरी
त्याला जिना चढून यावं लागेल,
हजेरीपटावर सही करावी लागेल.
गणपूर्तीत एक वाढेल.

खाली वॉचमन किल्ल्या वाजवत होता.
दुसऱ्या तासाचं भाडं लागलं ते लागलंच.